अंगण वाकडंच होतं

माझी मावशी पडदे रंगवायची. एवढं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपल्या खिडकीचं माप सांगायला लागायचा. मग मला खुलासा करावा लागायचा, की बाबा, तसले पडदे नव्हेत, नाटकाचे. राजवाडा, जंगल, दिव्यांचा रस्ता, गरिबाचं घर आणि तळं. आमच्या थिएटरात नटांच्या मागे जे जे दिसायचं ते सगळं मावशीच्या हातचं. नट बदलले, नाटकं बदलली, मंडळात दोनदा भांडणं होऊन दोनदा गळाभेटी झाल्या, पण राजवाडा तोच राहिला. रंग विटला की मावशी त्यावर पुन्हा हात फिरवायची.

शाळेत शिकवायची नोकरी लागली म्हणून मी तिच्याकडे राहायला आले आणि राहिलेच. थिएटरच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. पुढची माणसांची आणि मागची रंगांची, आणि घरात मान रंगांना जास्त. सकाळी स्टोव्हवर आधी सरस उकळायचा, मग चहा. रंग कापडाला धरून राहावा म्हणून त्यात सरस घालतात. त्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पाहुणे आमच्याकडे दारातच काय ते बोलून घेत. मावशीला मात्र तो वास येतच नसे. "कसला वास?" असं ती अगदी मनापासून विचारायची.

पडदा रंगवायचा म्हणजे भलंमोठं कापड जमिनीवर अंथरायचं, काठीला ब्रश बांधायचा आणि कापडावर अनवाणी चालत उभ्या उभ्या रंगवायचं. मावशी जन्मभर अशी तळ्यातून आणि राजवाड्यातून अनवाणी चालत राहिली. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कुणी मागणी घातली नाही आणि मलाही सवड नव्हती."

ती शांत. मी तापट. माझी आई म्हणायची, आमच्या घरातला सगळा राग एकटीने घेऊन ही पोरगी जन्माला आली, माझ्या बहिणीच्या वाट्याला काही ठेवलंच नाही. तर पुढे जे मी सांगणार आहे ते एका तापट बाईने सांगितलेलं आहे, हे लक्षात असू द्या. पण खोटं त्यात काही नाही.

गोष्टीतला दुसरा माणूस म्हणजे मिस्त्री. थिएटरचं स्टेज त्यांनी बांधलं होतं, अगदी तरुणपणी. त्यांचं ते पहिलं मोठं काम. त्याआधी खुर्च्यांचे पाय बसव, पेटीचं झाकण दुरुस्त कर, असली किरकोळ कामं करायचे. स्टेज उभं राहिलं आणि मिस्त्रींचं नाव झालं. पण ते नाव होण्याच्या आधी एक दुपार होती, आणि त्या दुपारी तिथे फक्त दोघंच होती, मिस्त्री आणि मावशी.

मावशीने मला ते अनेकदा सांगितलं होतं, हसत हसत. नव्या कोऱ्या स्टेजवर बसून ती ब्रश धूत होती. उठताना पायाचा धक्का लागून निळीची बादली कलंडली. मिस्त्री ओरडले, माझ्या फळ्या, माझ्या फळ्या. मावशी पुसायला फडकं शोधायला लागली, आणि तेवढ्यात दोघांनाही दिसलं की पुसायची फारशी गरजच नाही. सगळं निळं पाणी आपण होऊन डाव्या कोपऱ्यात निघालं होतं. तिथे जाऊन त्याचं छान डबकं झालं.

मिस्त्रींनी पाणसळ आणली. पाणसळ म्हणजे ती लहानशी नळीची पट्टी, जिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं, लाकूड सपाट बसलंय. बुडबुडा शहाण्यासारखा मधोमध थांबला. पट्टी फिरवून उलटी ठेवली तर एका टोकाला पळाला. जुन्या बाजारातून आणलेली पाणसळ, तीच मुळात खोटी. तिच्या भरवशावर पूर्ण स्टेज बांधलं होतं, आणि स्टेजच्या कडेने पुढची मोठी चौकट उभी केली होती, तीही स्टेजला काटकोन धरून. म्हणजे सगळंच डावीकडे झुकलेलं. फार नाही, चालताना कळू नये इतकंच. पण त्या चौकटीमागे सरळ पडदा लावला असता तर लगेच उघडं पडलं असतं.

मिस्त्री खालीच बसले. म्हणाले, "बाई, खेळ तोंडावर आलाय. आता उखडलं तर मला या शहरात कुणी स्टूल बनवायला पण सांगणार नाही."

मावशी शेवटच्या रांगेत जाऊन मधल्या खुर्चीवर बसली. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "स्टेज वाकडं तर पडदे पण वाकडे रंगवते. दोन वाकडी मिळून एक सरळ होईल."

"कुणाला सांगू नका, बाई."

"मी कशाला सांगू? मला दुसरी कामं आहेत."

तेव्हापासून मावशीने प्रत्येक पडदा तिरका रंगवला. राजवाड्याचे खांब झुकलेले, रस्त्यावरचे दिवे झुकलेले, तळ्याचं पाणी डावीकडे उतरतं. कापड जमिनीवर असताना बघणाऱ्याला वाटावं, बाईंना चक्कर आलीय. पण तेच कापड स्टेजवर चढलं की सगळं कसं सुतासारखं सरळ. प्रेक्षकांना वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. नाही म्हणायला एखाद्या खेळात चेंडू किंवा पेला आपण होऊन डावीकडे घरंगळायचा. त्यावरून नटांनी ठरवून टाकलं होतं की जागेत काहीतरी आहे. एक नट तर एंट्रीआधी डाव्या कोपऱ्याकडे बघून हात जोडायचा. मावशी आणि मिस्त्री विंगेत तोंड दाबून हसत.

त्या दुपारनंतर मिस्त्रींनी पाणसळ हातात धरली नाही. दुसरी, चांगली घ्यायची ना? तर नाही. "बुडबुडा खोटं बोलेल, बाई बोलणार नाही," असं ते जिथे तिथे सांगायचे. कुणाच्या घरी दार बसवायचं असलं, कपाट उभं करायचं असलं की मावशीला बोलावणं यायचं. ती समोर उभी राहायची, एक डोळा मिटायची. मिस्त्री शिडीवरून विचारायचे, "बाई, पाणी कुठं?" म्हणजे उतार कुठल्या बाजूला. ती म्हणायची, "डावीकडे." मिस्त्री थोडं उचलायचे. "आता?" "अजून जरासं." आणि सगळं जमलं की म्हणायची, "पाणी उभं आहे, मिस्त्री." तेवढं ऐकलं की ते खिळा ठोकायचे, पुन्हा वळून बघायचे नाहीत. आमच्या शहरातली निम्मी दारं मावशीच्या या एका वाक्यावर उभी आहेत.

मी तिला म्हणायचे, "नाव त्यांचं होतं आणि डोळा तुझा जातो कामाला." ती म्हणायची, "डोळा वापरून झिजत नाही गं." अशी माणसं असतात. त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांनाच राग करावा लागतो.

मग नवं थिएटर बांधायचं ठरलं. जुनं पाडून तिथे दुकानं होणार आणि नवं थोडं पलीकडे, मोठं, गार हवेचं. त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त वकील आले. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठेही म्हण सुचली की ती बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. समितीत नव्या लोकांचा भरणा होता, आणि जुना जाणकार माणूस म्हणून घेतले मिस्त्री. इतकी वर्षं टिकलेलं स्टेज ज्यांनी बांधलं त्यांना घ्यायलाच हवं, असं सगळे म्हणाले. नव्या स्टेजचं काम मिस्त्रींच्या मुलाला मिळालं. आता बापलेकांच्या नावाची पाटी दुकानावर लागणार होती.

आणि नव्या थिएटरला दर्शनी पडदा लागणार होता. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या समोर असतो तो. मावशीने आयुष्यात मागचे पडदेच रंगवले. नटांच्या मागे, अंधारात, गुंडाळून ठेवायचे. दर्शनी पडदा जुन्या थिएटरला नुसता मखमलीचा होता.

तिने एका कागदावर नमुना काढला. मी बघितला आणि बघतच राहिले. स्टेजवर उभं राहून समोर बघितलं की जुनं थिएटर दिसायचं, ते तिने काढलं होतं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, एका खुर्चीचा हात मोडलेला, मागच्या दाराची फट आणि त्यातून आत आलेला उजेड. म्हणजे नव्या थिएटरात लोक खुर्चीत बसणार आणि समोर त्यांना जुन्या खुर्च्या दिसणार.

"पाडणार आहेत ना," ती म्हणाली. "मग निदान इथे तरी राहील."

मग म्हणाली, "आणि नवं स्टेज सपाट असणार. मला आयुष्यात एक तरी चित्र सरळ काढायचंय गं. जन्मभर वाकडंच काढत आले."

हे ती अगदी सहज बोलली. मी चहा ठेवायला उठले.

नवं थिएटर बांधून होत आलं तेव्हा समितीने ठरवलं की मावशीचे जुने पडदे नव्या थिएटरात लावून बघायचे आणि मग दर्शनी पडद्याचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं. मावशीला हे कळलं तशी ती हातातलं काम टाकून मिस्त्रींच्या दुकानात गेली. मी बरोबर होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकलाय.

"मिस्त्री, माझे पडदे सपाट स्टेजवर लावले तर वाकडे दिसतील."

"दिसतीलच."

"आता जुनं स्टेज पाडणारच आहेत. मग सांगून टाकायला काय हरकत आहे? पण सांगायचं तुम्ही. मी शब्द दिलाय, मी नाही बोलणार."

मिस्त्री रंधा मारायचे थांबले. अंगावरचा भुसा झटकत म्हणाले, "बाई, हे काय सांगणं झालं? मीच सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो की या बाईंनी माझी लाज राखली. तुम्ही निवांत राहा."

मावशी निवांत राहिली. परत येताना मला म्हणाली, "बघ, तुला उगाच वाटतं." त्या दिवशी तिने मोठ्या कापडाचं माप काढलं आणि नवे ब्रश काठ्यांना बांधून ठेवले.

पडदे लावायच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. नवं थिएटर रंगाच्या आणि सिमेंटच्या वासाने भरलेलं. समितीची माणसं पुढच्या रांगेत बसली होती, मिस्त्री कडेला हाताची घडी घालून उभे. पहिला राजवाडा खाली आला. खांब एका बाजूला कललेले, जणू राजाला निघून जायची घाई झालीय. कुणीतरी खोकलं. मग रस्ता आला, त्यावरचे सगळे दिवे झिंगल्यासारखे. मग तळं.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुमचं तळं सांडतंय." आणि सगळे हसले.

मावशीही थोडं हसली. तिला काळजी नव्हती. तिने मिस्त्रींकडे बघितलं, आता बोला अशा नजरेने. मिस्त्री पुढे आले. घसा साफ केला.

"बाईंनी थिएटरसाठी खूप केलंय," ते म्हणाले. "त्याबद्दल दुमत नाही. पण माणसाचं वय होतं. नजर पहिल्यासारखी राहत नाही. मी बघतोय गेली काही वर्षं. आता कुणाला कसं सांगायचं, म्हणून गप्प होतो."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मावशीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मिस्त्री, ते स्टेजचं सांगा ना."

"स्टेजचं काय, बाई?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं हे मी त्या दिवशी बघितलं. रक्त नाही, आवाज नाही. नुसतं "स्टेजचं काय, बाई?" आणि तेही किती आदराने.

मावशी दिलेला शब्द धरून राहिली. मी कसली गप्प बसते? मी उठून म्हटलं, "जुनं स्टेज वाकडं आहे. पहिल्यापासून. मिस्त्रींनी वाकडं बांधलं आणि ते झाकायला मावशीने पडदे वाकडे रंगवले. हवं तर आता चला सगळे, तिथे बादलीभर पाणी ओता."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे दयाळूपणे बघितलं आणि मला कळलं की आता ते म्हण टाकणार. "नाचता येईना..." एवढंच म्हणाले. पुढचं सगळ्यांनी हसून पुरं केलं.

अंगण खरंच वाकडं असेल आणि बाईला उत्तम नाचता येत असेल, तर तिने काय करावं, हे कुठल्याच म्हणीत सांगितलेलं नाही.

"ओता की पाणी," मी पुन्हा म्हटलं. "गंमत बघा."

मिस्त्री हळूच म्हणाले, "स्टेज या आठवड्यातच उतरवलं. फळ्या चांगल्या होत्या, इथे आतल्या कामाला लागल्या." वकीलसाहेबांनी मान डोलावली, परवानगी त्यांनीच दिली होती. म्हणजे शब्द देऊन आम्हाला घरी पाठवलं आणि मग माणसं लावून स्टेज उखडलं. गल्लीत ठोकाठोकी ऐकू येत होती तेव्हा मावशी म्हणाली होती, "खुर्च्या काढत असतील."

मी नमुन्याचा कागद पुढे केला. बघा, हा सरळ आहे की नाही? एका सभासदाने तो बघून परत दिला आणि म्हणाला, लहान कागदावर सगळ्यांनाच सरळ जमतं. मावशीने माझं मनगट धरलं. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटी मिस्त्रींच्या दुकानात गेले. मावशीला सांगितलं नाही. मिस्त्री एकटेच होते, पाटीवरची अक्षरं कोरत बसले होते. मी खूप काही ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "का?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल सांगते. म्हणाले, "माझ्या पोराला पहिलं मोठं काम मिळालंय. ज्याच्या बापाने स्टेज वाकडं बांधलं, त्याला ते ठेवतील का?"

"आणि मावशी?"

"बाईंचं काय. एकटा जीव. एकट्या जीवाला नाव कशाला लागतं?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं काही छापण्यासारखं नाही आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी निघाले तेव्हा पुन्हा पटाशी उचलण्याचा आवाज आला. घरी येऊन मी मावशीला ते वाक्य सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला ते एकटीला पोटात ठेवता येईना. तिने ऐकून घेतलं आणि काठ्यांना बांधलेले नवे ब्रश एकेक करून सोडायला बसली. गाठी घट्ट होत्या, दातांनी सोडवाव्या लागल्या.

दर्शनी पडदा बाहेरून छापून आणला. डोंगर, त्यामागे सूर्य, पुढे गवत, कुठल्याही कॅलेंडरवर असतं तसं. तो चढवायच्या दिवशी समितीने जुन्या मंडळींना बोलावलं. मावशीलाही निरोप आला. मी म्हटलं, जायचं नाही. ती म्हणाली, "जायचं. न जायला मी काय केलंय?" तिने इस्त्रीची साडी नेसली आणि पुढे होऊन चालायला लागली.

पडदा खेळाच्या वेळी खालून वर गुंडाळला जाणार होता, आणि वरून तो एका लांब दांडीला शिवलेला होता. दांडी दोन दोरांनी वर ओढायची, नीट सपाट करायची आणि दोर पक्के बांधून टाकायचे. हे मानाचं काम मिस्त्रींनी स्वतः अंगावर घेतलं. या वयात शिडीवर चढले, सगळ्यांनी कौतुक केलं. पलीकडच्या शिडीवर मुलगा नवी पाणसळ घेऊन उभा होता. मिस्त्रींनी एका हाताने दोर धरला, दांडी वर गेली, सूर्य आणि डोंगर हलले आणि थांबले. मुलाने पाणसळ दांडीला लावून धरली.

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलंही नाही. मान न वळवता त्यांनी हाक दिली, "बाई, पाणी कुठं?"

सवय हो. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं आणि मगच त्यांना कळलं की आपण काय बोललो. ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं, ती एकदम ताठ झाली. समितीच्या माणसांना यात काही वावगं वाटलं नाही. वकीलसाहेब कौतुकाने म्हणाले, "वा, जुनी जोडी." नजर गेलीय म्हणून ज्या बाईला काम नाकारलं, तिलाच आता नजरेचं विचारतायत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मिस्त्रींनी हाक मागे घेतली नाही. ते तसेच थांबले, दोर धरून, उत्तराची वाट बघत.

मावशी उठली. शेवटच्या रांगेत गेली आणि मधल्या खुर्चीवर बसली. एक डोळा मिटला.

दांडी उजवीकडे उतरली होती. मला भिंतीवर कॅलेंडर सरळ लावता येत नाही, पण मलासुद्धा ते दिसत होतं. डाव्या बाजूला पडद्याखालून वीतभर फळ्या दिसत होत्या आणि उजवीकडे कापड जमिनीला लागून गोळा झालं होतं. मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं, ती आता म्हणेल, "मला काय विचारता, माझी नजर गेलीय ना?" मी तर ते ऐकायला आसुसले होते.

मावशी म्हणाली, "पाणी उभं आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी तत्काळ दोर खांबाला गुंडाळला आणि गाठ मारली. मुलगा पलीकडून "बाबा, बाबा" म्हणत होता, बुडबुडा दाखवत होता. "ठेव ते," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दोराचीही गाठ मारली, खिशातून सुरी काढली आणि जास्तीचे दोर कापून टाकले. एकदाही वळून बघितलं नाही. पुढच्या रांगेतल्या लोकांनी वर सूर्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. मावशी मागच्या दाराने बाहेर पडली आणि मी तिच्या मागे धावले.

रस्त्याने मी उड्या मारायच्या बेतात होते. म्हटलं, मावशी, शाबास, पहिल्या खेळाला सगळं शहर बघेल, आता त्या बापलेकांना तोंड लपवायला जागा उरणार नाही. ती भराभर चालत राहिली. घरी आल्यावर मागच्या खोलीत गेली, रंगांच्या डब्यांमध्ये जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मी तशीच तिच्याजवळ बसले.

"बघितलंस?" ती म्हणाली. "माझ्या एका शब्दावर गाठ मारली. पोरगा सांगत होता, तरी मारली. माझे डोळे शाबूत आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं गं."

"मग? तेच तर सिद्ध झालं."

"कुणापुढे? तुझ्यापुढे आणि माझ्यापुढे. आपल्याला आधीच माहीत होतं." तिने पदराने तोंड पुसलं. "बाई खोटं बोलणार नाही, असं तो म्हणायचा. माझ्याकडे तेवढंच होतं. आज तेही गेलं."

मी तिला म्हटलं, ते तू नाही घालवलंस, त्याने घालवलं. तिने मान हलवली, पण ती हो म्हणत होती की नाही, ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने तिने उठून सरसाचं भांडं घासायला घेतलं. त्या दिवसानंतर ते पुन्हा स्टोव्हवर चढलं नाही.